मैत्रिणी ‘छान’ म्हणतात, एकजण म्हणतो ‘उडव’, ऐकायचं कुणाचं?

प्रश्न : मी कथा लिहिते आणि मैत्रिणींना वाचायला देते, त्यांना सगळंच छान वाटतं. पण माझ्यासारखाच नवीन लिहिणारा एकजण म्हणाला की पहिली दोन पानं उडव. खूप लागलं मला. नवख्याचं कशाला ऐकायचं, मोठ्या लेखकालाच दाखवू का?

उत्तर : दाखवा की, पण त्यासाठी थांबून राहू नका. नायिका का चिडली हे तुमच्या डोक्यात पक्कं असतं, त्यामुळे कागदावर ते आलंच नाहीये हे कितीदा वाचलं तरी तुम्हाला दिसत नाही, डोकं ती गाळलेली जागा आपोआप भरून घेतं. तिथे दुसऱ्याचेच डोळे लागतात, आणि आपण कुठे अडखळलो हे नवखाही सांगू शकतो.

त्याला तिथे कंटाळा आला हे खरं धरा, त्यावर वाद नको. पानं उडवायची हा मात्र त्याने सुचवलेला उपाय झाला, तो तुम्ही ठरवा, कदाचित नुसतं कथेतलं भांडण आधी आणलं तरी काम होईल. टी. एस. एलियटच्या १९२२ च्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेच्या खर्ड्यातला केवढा तरी भाग त्याचा कवीमित्र एझरा पाउंडने कापायला लावला, पण एलियटने त्याचं सगळंच मानलं नाही. उलट फ्लेबस या बुडालेल्या खलाशाचा तुकडा काढू का असं एलियटच विचारत होता आणि पाउंडने तो ठेवायला लावला! म्हणजे चांगलं काय आहे हेही कधीकधी दुसऱ्यालाच आधी दिसतं.

मैत्रिणींना ‘कशी वाटली’ विचारूच नका, छानच म्हणणार त्या. कुठे मागे जाऊन परत वाचावं लागलं, कुठे मोबाईल हातात घ्यावासा वाटला, नायिकेला नेमकं काय हवं होतं, असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला प्रत्येकीचं उत्तर वेगळं आलं तर कथेत काय राहिलंय ते लगेच कळेल.

आणि दुसऱ्यांचे खर्डेही वाचा हो, हे लोक विसरतातच. लंडस्ट्रॉम आणि बेकर या संशोधकांनी २००९ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला होता, त्यात नुसता अभिप्राय घेणाऱ्यांपेक्षा देणाऱ्यांचं स्वतःचं लिखाण जास्त सुधारलं. दुसऱ्याच्या पानावर लांबण लावलेली पटकन खटकते, मग आपल्या पानावरही ती दिसायला लागते.

फक्त पूर्ण खर्डा झाल्यावरच दाखवा, आणि ऐकताना खुलासे देऊ नका. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे ओठावर आलं की बोलायच्या ऐवजी वहीत लिहून ठेवा, बहुतेक वेळा तेच कथेत घालायचं राहून गेलेलं असतं.