आधी मैत्रिणींच्या दारावर, मग तलावावर

ताई, आम्ही जळगावचे. आई 66 वर्षांची. लॉकडाऊनआधी ती रोज पहाटे तीन मैत्रिणींबरोबर मेहरूण तलावावर फिरायला जायची. मार्च 2020 मध्ये ते बंद पडलं, ते आजतागायत. दुसऱ्या लाटेत तिच्या दोन मैत्रिणीही गेल्या. आता दिवसभर टीव्हीसमोर असते. गुडघे आखडलेत, रात्री झोप नाही, फिरायला चल म्हटलं की चिडते. घरीच ट्रेडमिल आणावी म्हणतो. कोणती घेऊ?

भाऊ, कोणतीच घेऊ नका. तुम्ही गुडघे, झोप, टीव्ही सगळं सांगितलंत आणि मैत्रिणींचं जाणं एका ओळीत उरकलंत. मला तर आईचं दुखणं त्या ओळीतच दिसतं.

एप्रिल-मे 2021 आठवा. अंत्यविधीला वीसच माणसं. जिच्याबरोबर रोज चालायचं, तिचं शेवटचं तोंडही पाहता आलं नाही, दारावर जाता आलं नाही. आपल्याकडे बाया दारावर जातात, गळ्यात पडून रडतात, तेव्हा कुठे मन मोकळं होतं. आईचं ते रडणं राहून गेलं. पुढे निर्बंध उठले, तलाव खुला झाला, पण सोबतच उरली नव्हती. तिथे एकटीनं कसं चालायचं तिनं?

म्हणून आधी तिला त्या दोघींच्या घरी न्या. एवढ्या वर्षांनी कशाला, असं ती म्हणेल. तरी न्या. त्यांच्या लेकी-सुनांनाही आपल्या आईची आठवण काढणारं कुणी आलेलं हवंच असतं. तुम्ही ओट्यावर बसा, बायांना बोलू द्या.

आणि तिसरी मैत्रीण? तिचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. तीही अशीच घरात बसून असेल तर तिला बोलवा, बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, निमित्त काढा. गच्चीवर ओलं धोतर अंथरायचं, ज्वारीचा गरम घाटा पाण्याचा हात लावून पसरवायचा, वाळवण उलटायचं. यात किती उठबस होते! ओली बिबडी खाता खाता गप्पाही होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं साथ ऐन भरात असताना, नोव्हेंबर 2020 मध्ये, आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. त्यात घरकामही धरलंय, आणि अजिबात न हलण्यापेक्षा थोडं हललेलं बरं, असंही म्हटलंय. गुडघे एकदा डॉक्टरांना दाखवा, पण बसून राहिल्यानं ते आणखी आखडतात.

दोघी मिळून तलावावर निघाल्या तर पहिल्या दिवशी एवढंसंच चालू द्या. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की झोपेचं घड्याळ ताळ्यावर यायला मदत होते. बंद खोलीतली ट्रेडमिल ते देत नाही. आपल्याकडचं ऊन पाहता मे महिन्यात सातच्या आत घरी यायचं.

एक मात्र ध्यानात ठेवा. जेवण सुटलं, कशातच मन लागेना, जगण्याचा कंटाळा आल्याचं ती बोलू लागली, तर बिबड्यांची वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर कधीही, मोफत बोलता येतं, मराठीतूनही. आई तयार नसेल तर आधी तुम्ही बोला.