बारोलो की बार्बारेस्को?

प्रश्न: परवा पहिल्यांदाच बारोलो ही इटालियन रेड वाईन उघडली, २०२० ची. रंग इतका फिका की वाटलं कोणी पाणी घातलंय, आणि एक घोट घेतला तर तोंड आवळून आलं. मित्र म्हणतो बार्बारेस्को घ्यायचीस, ती बारोलोची धाकटी बहीण, मऊ असते. पण द्राक्ष तर एकच ना? मग फरक कसला?

उत्तर: द्राक्ष एकच, नेब्बिओलो, आणि ते असंच असतं, रंगाला फिकं नि टॅनिनला, म्हणजे तोंड आवळणाऱ्या तुरट घटकाला, दांडगं, त्यामुळे तुमच्या बाटलीत काही खोट नव्हती, ती फक्त कोवळी होती.

दोन्ही वाईन इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या, आल्बा गावाच्या दोन बाजूंच्या टेकड्यांवरच्या. बार्बारेस्कोचे मळे तानारो नदीच्या जवळ, तिथे हवा जरा उबदार, म्हणून द्राक्ष सहसा थोडं आधी पिकतं आणि टॅनिन जरा नरम पडतं. शिवाय नियमही वेगळे आहेत, बारोलो निदान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात, आणि बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात, पिंपात ९.

पण "धाकटी बहीण" हे मला अजिबात पटत नाही! दोघींना डीओसीजी हा इटालियन वाईनचा सर्वात वरचा दर्जा १९८० मध्येच मिळाला, आणि चांगली बार्बारेस्को वीस वर्षं आरामात टिकते. खरं सांगायचं तर नावापेक्षा गाव बघा, कारण बारोलो-बारोलोतच केवढा फरक, ला मोर्रा गावची सुगंधी, लवकर खुलणारी, गुलाबाच्या वासाची, आणि सेर्रालुंगाची कडक, तिला वर्षानुवर्षं हात लावू नये अशी, त्याचं कारण तिथली माती. नेइवे गावची बार्बारेस्कोसुद्धा कधीकधी ला मोर्राच्या बारोलोपेक्षा जास्त आवळते, मग कोण मऊ आणि कोण कडक?

आत्ताच प्यायची असेल तर बार्बारेस्कोच घ्या, मित्राचं तेवढं बरोबर आहे. प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था, १९५८ मध्ये गावच्या पाद्रींनी १९ शेतकऱ्यांना एकत्र आणून उभी केलेली, त्यांची साधी बार्बारेस्को सुरुवातीला फार छान. आणि बारोलोची दुसरी बाटली असेल तर चार-पाच वर्षं थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा, अगदीच धीर धरवत नसेल तर दोन-तीन तास आधी जगमध्ये ओतून ठेवा आणि जेवताना प्या, नुसती नको. मांसाच्या नाहीतर चीजच्या घासाबरोबर तोच तुरटपणा बराच कमी जाणवतो.