चौथ्या खोलीच्या दोन नोंदी

प्रश्न : मालवणला आमचे पाच खोल्यांचे घरगुती निवास आहे. तिसऱ्या खोलीची डागडुजी चालू असल्यामुळे नोंदणीच्या पानावरील जावास्क्रिप्टच्या 'फॉर' लूपमध्ये (तेच काम फेरीफेरीने करणाऱ्या कोडमध्ये) खोलीचा क्रमांक धरणारा, 'लेट'ने घोषित केलेला 'आय' हा चल ३ झाला की मी तो एकाने वाढवतो आणि पुढच्या खोलीच्या बटणाला क्लिकचे फंक्शन जोडतो. नव्या ब्राउझरमध्ये हे सुरळीत चालते. जुन्या फोनसाठी कंपायलरने (नवा कोड जुन्या जावास्क्रिप्टमध्ये बदलणाऱ्या साधनाने) रूपांतरित केलेल्या कोडमध्ये मात्र चौथ्या खोलीच्या एका क्लिकला दोन नोंदी होतात. चूक माझी आहे का?

उत्तर : नाही, आपला कोड नियमाला धरून आहे. २०१५ च्या जावास्क्रिप्टपासून 'लेट'ने घोषित केलेल्या लूपच्या चलाची प्रत्येक फेरीला नवी प्रत तयार होते, आधीच्या फेरीच्या शेवटची किंमत तिच्यात उतरते आणि मगच ती एकाने वाढते. जुन्या जावास्क्रिप्टमध्ये केवळ 'व्हार', म्हणजे सर्व फेऱ्यांना मिळून एकच प्रत, असल्याने कंपायलर लूपचा गाभा वेगळ्या फंक्शनमध्ये गुंडाळून 'आय' त्याला पाठवतो. नाजूक जागा हीच, कारण त्या फंक्शनच्या आत झालेली वाढ बाहेरच्या लूपला आपोआप कळत नाही. आपण आत ४ केलेत, बाहेर ३ च राहिले, पुढच्या फेरीत पुन्हा ४ आले आणि त्याच बटणाला दुसरे फंक्शन जोडले गेले. बदललेली किंमत बाहेर आणून लूपच्या चलात परत ठेवणे हे कंपायलरचेच काम होते.

हंगामात एकच खोली दोनदा नोंदली जाणे पाहुण्यांवर अन्याय आहे, म्हणून आजच 'आय' वाढवण्याऐवजी 'कंटिन्यू' (ही फेरी सोडून पुढच्या फेरीला जा) लिहावे आणि कंपायलरच्या कर्त्यांना तेवढाच छोटा लूप, आवृत्ती क्रमांकासह, कळवावा.