पोई पेटवायच्या आधी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फ्लो आर्ट्सवर लिहिलं होतं, म्हणजे चेनच्या टोकाला गोळा लावून फिरवायची ती न्यूझीलंडच्या माओरी लोकांकडून आलेली पोई, लांब काठीचा स्टाफ, हूप, पंखे वगैरे. त्यावर आलेल्या पत्रांत "आग कधी लावू?" हाच प्रश्न निम्म्याहून जास्त जणांचा. यावेळी सगळी जागा त्यालाच देतेय.

ताई, मोज्यात बॉल घालून बरेच महिने प्रॅक्टिस केलीय, एलईडी पोई पण येते. आता पेटवू का? मित्र म्हणतात झालास तू तयार.

मित्रांना काय जातंय म्हणायला! तुझं तूच तपासून बघ ना. ज्या पोई पेटवणार आहेस त्याच घे, म्हणजे तेच वजन, तीच चेन, तेच हँडल, आणि त्यांच्या वाती, म्हणजे टोकाचे पेटवायचे गोळे, पाण्यात बुडवून, थोड्या पिळून, फिकट रंगाचा सुती टीशर्ट घालून तुझा पूर्ण सेट, म्हणजे सगळ्या मूव्ह, कर. मग आरशात बघ. जिथे जिथे ओला डाग दिसतोय तिथे तिथे आग लागली असती. केसांना हात लावून बघ, पोटरीच्या मागे बघ, बहुतेकांना पोटरी आठवतच नाही. डाग पडायचे थांबले की पुढचं बोलू.

दुसरं म्हणजे आगीला आवाज असतो. पेटलेली पोई कानाजवळून गेली की जोरात फर्रर्र होतं आणि अंधारात डोळे दिपतात, मग हातापायांना येत असलेली मूव्ह पण डोकं विसरतं. म्हणून पहिल्या वेळी फक्त साधं पुढे फिरवणं, मागे फिरवणं आणि थांबणं. डोक्यामागून, पायाखालून काही नाही. आणि ते थांबणं आधी शीक, पेटलेली पोई हळू करून सेफ्टीच्या (म्हणजे आग विझवायला टॉवेल घेऊन शेजारी उभा असतो त्याच्या) हातातल्या टॉवेलवर कशी ठेवायची ते न पेटवलेल्या पोईवर इतक्यांदा कर की कंटाळा आला पाहिजे.

पेट्रोल लगेच पेटतं म्हणून आमच्या ग्रुपमध्ये तेच वापरतात. रॉकेलचा धूर होतो. नक्की काय वापरायचं?

पेट्रोल नाही. कधीच नाही, थेंबभर मिसळायला पण नाही.

तुम्हाला वाटतं द्रव पेटतो, पण पेटते ती त्याची वाफ. पेट्रोलची वाफ पेटण्याइतकी तयार व्हायला उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान पण पुरतं, म्हणजे तुम्ही झाकण उघडता तेव्हा ती तिथे असतेच. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत जाते आणि लांब कुठेतरी ठिणगी भेटली की ज्वाळा उलट डब्याकडे येते. स्टोव्हसाठी मिळणारा पांढरा गॅस म्हणजे नॅप्था (नावात गॅस, पण असतो द्रवच), काही अनुभवी लोक वापरतात, पटकन पेटतो, धूर कमी, पण वाफेच्या बाबतीत तोही पेट्रोलचाच भाऊ, त्यामुळे नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. रॉकेलला साधारण 38 अंशांच्या वर जावं लागतं. धूर होतो, वास येतो, पेटायला वेळ लागतो, आणि हा वेळ लागणंच तुमच्या फायद्याचं आहे. दिव्यासाठीचं शुद्ध पॅराफिन तेल त्याहून उशिरा पेटतं, जास्त वेळ जळतं, फक्त हात आणि जमीन निसरडी करतं. मिथेनॉलचं तर नावच काढू नका, दिवसा त्याची ज्वाळा धड दिसत पण नाही.

खरं सांगायचं तर मला फिरत्या आगीची तेवढी भीती वाटत नाही जेवढी कोपऱ्यात उघड्या पडलेल्या डब्याची वाटते. फिरती आग सगळे बघत असतात, डब्याकडे कोणाचं लक्ष नसतं. फ्युएल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, वर ठळक नाव लिहून, जिथे पेटवता तिथून निदान दहा मीटर लांब. कोल्ड्रिंकच्या बाटलीत अजिबात नाही, अंधारात कोणीतरी तोंडाला लावतंच. आणि लावलं चुकून तर उलटी करायला लावायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, कारण उलटीतून ते फुफ्फुसात गेलं तर जास्त वाईट.

वात बुडवली, निथळली, तरी तिच्यात जास्तीचं फ्युएल असतं. तशीच पेटवून फिरवली की पेटलेले थेंब चहूकडे उडतात, प्रेक्षकांवर सुद्धा. म्हणून वाती रिकाम्या डब्यात धरून झटकून किंवा पिळून घ्यायच्या, जमिनीवर झटकायच्या नाहीत, मग हात पुसायचे, बाहीवर सांडलं असेल तर शर्ट बदलायचा, आणि मगच पेटवायच्या जागी जायचं. विझलेली वात गरम असताना परत डब्यात बुडवायची नाही. बाहेरून काळी दिसते, आत निखारा असू शकतो. हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबायचं, घाई असेल तर पोईचा दुसरा जोड ठेवा.

माझा मित्रच सेफ्टी म्हणून उभा राहतो आणि तोच व्हिडिओ पण काढतो. चालतं ना?

नाही चालत. सेफ्टीच्या हातात फक्त टॉवेल असतो आणि नजर फक्त तुमच्यावर. मोबाइलच्या स्क्रीनमधून तो चौकट बघतो, तुमचा मागचा पाय नाही बघत.

मी बघितलंय, टॉपच्या मागच्या कडेला आग लागलेली आणि ती मुलगी मस्त नाचतेय, तिला वाटतंय पोईचीच धग आहे. पाठीवर काय चाललंय हे फिरवणाऱ्याला खरंच कळत नाही. म्हणून ओरडायचे शब्द आधी ठरवा. नुसतं "अगं आग आग" ओरडून काही होत नाही, आग तर आहेच! नाव आणि जागा, एवढंच: "डावा खांदा!" तेवढं ऐकलं की फिरवणाऱ्याने स्वतःच हाताने दाबून विझवायचा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर पोई खाली सोडून थांबायचं आणि सेफ्टीला जवळ येऊ द्यायचं. चेन पायाला किंवा हाताला गुंडाळली गेली तर ओढाओढ करू नका, ओढली की गाठ आवळते आणि गरम चेन कातडीवर बसते, जशी गुंडाळली तशीच उलटी सोडवा.

टॉवेल जाड, सुती, ओला करून घट्ट पिळलेला. टॉवेलने फटके मारायचे नाहीत, त्याने हवा मिळते. आगीवर टेकवून दाबायचा आणि चेहऱ्यापासून लांब, पायांकडे सरकवत न्यायचा. पोई विझवताना वातीभोवती गुंडाळून चांगली घट्ट धरायची, लगेच उघडलं तर ती परत पेटते. अंगावरचे कपडेच पेटले तर पळायचं नाही, आडवं व्हायचं, चेहरा हाताने झाकून लोळायचं.

कार्बन डायऑक्साइडचं किंवा पावडरचं एक्स्टिंग्विशर जवळ हवं, आणि ते कसं उघडायचं हे सेफ्टीला आधीपासून माहीत हवं. सांडलेलं फ्युएल पेटलं तर त्यावर पाणी ओतू नका, पेटलेलं तेल पाण्यावर तरंगत पसरतं.

आणि दारू. फिरवणाऱ्याने नाही तर नाहीच, सेफ्टीने पण नाही. यावर वाद घालणाऱ्या ग्रुपमध्ये आपण पेटवायचं नाही, बस.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, हे शिकतोय. मी नको म्हटलं तर लपून करेल. निदान कपडे काय घालायला सांगू?

लपून करण्यापेक्षा तुमच्यासमोर करू दे हो, आणि जमलं तर टॉवेल घेऊन तुम्हीच उभ्या राहा, आईइतकं टक लावून बघणारी सेफ्टी त्याला कुठे मिळणार!

कपडे सुती, डेनिम, लोकरीचे किंवा चामड्याचे. सुती कपडा जळत नाही असं नाही, पण तो वितळत नाही. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या आसपास वितळून कातडीला चिकटतं आणि काढताना कातडी घेऊन येतं, म्हणून जिमचे टीशर्ट, लेगिंग्ज, नायलॉनचे मोजे सगळं बाद, आतले कपडे सुद्धा बघा. झालरी, लोंबते दोरे, ओढणी नको. केस घट्ट बांधून वर सुती रुमाल, हेअरस्प्रे आणि डिओ त्या दिवशी नाही.

भाजलं तर टूथपेस्ट लावतात, काही जण बर्फ. काय बरोबर?

दोन्ही नाही. नळाचं वाहतं गार पाणी, 20 मिनिटं, घड्याळ लावून. सुरुवातीला जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तर फायदा होतो. सूज यायच्या आधी अंगठ्या, ब्रेसलेट काढा, पण चिकटलेला कपडा उपटू नका. मग वर स्वच्छ क्लिंग फिल्म, म्हणजे स्वयंपाकघरात अन्न झाकायचं ते पातळ प्लॅस्टिक, सैलसर ठेवायची, फोड फोडायचे नाहीत. चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग भाजलं असेल, किंवा भाग पेशंटच्या तळहातापेक्षा मोठा असेल तर डॉक्टर. कातडी पांढरी पडलीय आणि दुखत नाहीये, तर "दुखत नाही म्हणजे बरंय" असं समजू नका, तिथे भाजणं खोल गेलेलं असतं.

तोंडातून आग काढायला कुठे शिकायचं?

इथे तरी नाही. फ्युएल चुकून श्वासनलिकेत गेलं की फुफ्फुसात रासायनिक न्यूमोनिया होतो, आणि त्यासाठी एक घोट पण लागत नाही. पोई शिका.

घरीच पोई बनवल्या तर? आणि वात किती दिवस टिकते?

नायलॉनची दोरी वापरलीत तर ती वितळणार आणि पेटलेला गोळा कुठे जाईल सांगता येत नाही. साधं सुती कापड जळून तुकडे पडतात. वात केवलरची, म्हणजे आगीला टिकणाऱ्या कृत्रिम धाग्याची, घ्या, ते वितळत नाही, पण खूप तापलं की हळूहळू कोळसतं. म्हणून फ्युएल संपेपर्यंत जळू द्यायचं नाही. फ्युएल संपत आलं की ज्वाळा लहान व्हायला लागते, तेव्हाच विझवा, नाहीतर मग वात स्वतः जळायला लागते. टिकायचं म्हणाल तर ती दिवसांवर नाही, कशी जाळता त्यावर टिकते. चेन स्टीलची. दर वेळी पेटवायच्या आधी स्विव्हल (चेनला पीळ पडू न देणारी फिरती कडी), क्विक लिंकचा (नटाने बंद होणाऱ्या जोडकडीचा) नट आणि हँडलची शिलाई बोटाने ओढून बघा, नट गरम-गार होऊन सैल होतात. एक जरी सैल लागला आणि घट्ट करायला पाना जवळ नसेल तर त्या रात्री एलईडी फिरवा.