तुम्ही विचारा: ‘२४ तासांत अकाउंट बंद’ असा मेल आलाय

या वेळी कोल्हापुरातनं एकाच विषयावरची, फसव्या मेलची, पत्रं आलीत, ऑनलाइन विकणाऱ्यांची पण आणि घेणाऱ्यांची पण. जागा कमी आहे म्हणून चारच निवडली, आणि नावं कुणाचीच छापत नाही.

ताई, नमस्कार. आमचं सुभाषनगरला चप्पलचं काम आहे, आज्ज्यापासनं. दोन वर्षं झाली पोरानं ऑनलाइन दुकान काढून दिलंय, महिन्याला साठ-सत्तर जोड जातात. परवा मेल आला, वर कंपनीचा लोगो, आत आमच्या दुकानाचं नाव, जीएसटी नंबर सगळं बरोबर, आणि लिहिलेलं की तुमच्यावर नकली मालाची तक्रार आहे, २४ तासांत बँक खातं व्हेरिफाय करा नाहीतर अकाउंट बंद. ११,४०० रुपये यायचे होते ओ, लई घाबरलो. लिंक उघडून पासवर्ड टाकला, पुढं ओटीपी मागायला लागलं तेवढ्यात पोरगा आला आणि त्यानं फोनच काढून घेतला. आता काय करू?

दादा, पोरगा वेळेवर आला. पण पासवर्ड गेलाय, त्यामुळं हे वाचून संपायच्या आधी एक काम करा, मेलचा पासवर्ड बदला. दुकानाचा नंतर, आधी मेलचा, कारण दुकानाचा पासवर्ड विसरलो म्हटलं की नवीन करायची लिंक मेलवरच येते, म्हणजे ज्याच्या हातात मेल त्याच्या हातात दुकान. दोन्हीकडं एकच पासवर्ड असेल (बहुतेकांचा असतो) तर आत्ताच वेगवेगळे करा. मग दोन्हीकडं ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा आणि दोन पायऱ्यांचं व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागतं ते) चालू करा. त्यानंतर दुकानाच्या सेटिंगमध्ये बँक खात्याचा नंबर आणि मोबाइल नंबर तुमचाच आहे का ते एक-एक आकडा वाचून बघा, चोरटे आत शिरले की पहिल्यांदा तिथंच हात घालतात, दुकान तुमच्या नावानं चालू राहतं आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडतात. मेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ पण बघा, कधी कधी ते गुपचूप असा नियम लावून ठेवतात की कंपनीचे मेल तुम्हाला न दिसता थेट त्यांच्याकडं जावेत, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो.

आता जीएसटी नंबर बरोबर कसा, हे तुमच्या मनात असणार. तो गुपित नाहीच. जीएसटीच्या पोर्टलवर कुणीही नंबर टाकला की धंद्याचं नाव, पत्ता दिसतो, आणि ऑनलाइन विकणाऱ्याची माहिती गिऱ्हाइकाला दिसलीच पाहिजे असा २०२० पासून ई-कॉमर्सचा नियमच आहे. त्यामुळं मेलमध्ये तुमची माहिती अचूक आहे एवढ्यावरनं तो मेल खरा ठरत नाही.

आणि ‘नकली माल’ हा शब्द तुम्हाला का लागला ते मी समजू शकते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे ती इथलीच असल्याची सरकारी ओळख, मिळाली, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा खरं कुणाचं आणि नक्कल कुणाची यावर किती बोललं गेलं, अशा कारागिराला कुणी नकली म्हटलं तर तो तिरीमिरीतच लिंक दाबणार. मेल पाठवणाऱ्याला हे सगळं माहीत असेलच असं नाही, तो हजारोंना तोच मजकूर पाठवतो, पण मजकूर निवडताना तो एवढंच बघतो की माणूस कुठं दुखावेल आणि कुठं घाबरेल, आणि सोबत घड्याळ लावतो म्हणजे पोराला विचारायलासुद्धा सवड मिळू नये.

ओळखायचं कसं? पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका, नाव काहीही टाकता येतं. नावावर बोट ठेवलं की पूर्ण पत्ता उघडतो, त्यात ॲट च्या पुढचं वाचा आणि शेवटाकडनं मागं वाचत या. समजा कंपनी ‘अमुकशॉप डॉट कॉम’ आहे, तर ‘अमुकशॉप डॉट सेलर-व्हेरिफाय डॉट कॉम’ हा पत्ता तिचा नाहीच, तो ‘सेलर-व्हेरिफाय’ नावाच्या भलत्याच कुणाचा आहे, कारण मालक म्हणजे डॉट कॉमला चिकटलेला शब्द. लिंकचं पण तसंच. कधी इंग्रजी एम च्या जागी आर आणि एन शेजारी-शेजारी ठेवतात, छोट्या स्क्रीनवर डोळा फसतोच. कुलपाच्या चिन्हावर तर अजिबात विसंबू नका, त्याचा अर्थ फक्त एवढाच की मधल्या मध्ये कुणी वाचत नाही, समोर बसलेला चोर नाही असा अर्थ नाही, क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्ह काढलं ते लोकांचा हाच गैरसमज व्हायचा म्हणून. पूर्वी मोडकी-तोडकी भाषा दिसली की कळायचं, आता एआयनं लिहिलेलं मराठी पण स्वच्छ येतं, त्यामुळं ती खूण गेलीच म्हणा.

पण दादा खरं सांगू का, दिवसभर काम करून थकलेल्या माणसानं दर वेळी पत्त्याची अक्षरं तपासत बसावं ही अपेक्षा मला चुकीची वाटते, मी स्वतः पण कधी तरी चुकेन. त्यापेक्षा एक सवय लावा. मेल आला, वाचला, बंद केला, आणि नेहमीच्या ॲपमध्ये आपल्या हातानं जाऊन बघितलं. खरोखर तक्रार असेल तर ती तुमच्या सेलर पॅनलमध्ये दिसणारच. तिथं नसेल तर मेल खोटा. पोराला पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप) पण लावून द्यायला सांगा, तो खऱ्या साइटवरच पासवर्ड भरतो, नकली साइटवर गप्प बसतो, आणि तो गप्प बसला की आपण थांबायचं.

मी कसबा बावड्यात राहते. साडी मागवली होती. पोस्टाच्या नावानं मेल आला की पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल, २५ रुपये भरून पत्ता दुरुस्त करा. कार्डानं भरले. मिस्टर म्हणतात २५ रुपयांसाठी कोण फसवणार.

वहिनी, २५ रुपये त्यांना नकोच होते, त्यांना कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे हवे होते आणि ते तुम्ही टाकलेत. कार्ड आजच ब्लॉक करा, बँकेच्या ॲपमधनं होतं. ‘ओटीपीशिवाय काय होणार’ असं घरात कुणी म्हणालं तर ऐकू नका, परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही, म्हणून नवीन कार्ड आलं की त्याचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवा. पोस्टाच्या नावानं असले मेसेज फिरतात आणि ते खोटे आहेत हे केंद्र सरकारच्या पीआयबीनं पण जाहीर केलंय. खऱ्या स्पीड पोस्टला १३ जागांचा नंबर असतो, दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आय-एन, तो दुकानदाराकडनं घ्या आणि पोस्टाच्या साइटवर स्वतः टाकून पार्सल कुठंय बघा.

शाहूपुरीत आमचा गुळाचा व्यापार. बाहेरच्या राज्यातल्या पार्टीनं मेलवर ४० रव्यांची (ढेपांची) ऑर्डर दिली, मग ‘बँकेकडून’ मेल आला की पैसे जमा झालेत पण होल्डवर आहेत, ट्रान्सपोर्टची पावती पाठवली की सुटतील. पार्टी म्हणते नाहीतर क्यूआर स्कॅन करून पिन टाका, लगेच येतील.

माल हलवू नका. पैसे होल्डवर ठेवून पावती मागणारा मेल बँक पाठवत नाही, तुमच्या खात्यात, तुमच्याच ॲपमध्ये रक्कम दिसली तरच ती आली. आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे दुकानातल्या पोरांना पण पाठ करायला लावा. बँकेच्या पत्त्याबद्दल एक उपयोगी गोष्ट, रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं होतं आणि हे नाव बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. ऑर्डरच्या मेलला जोडलेली फाइल उघडली नसेल तर तशीच राहू दे, ‘परचेस ऑर्डर’ म्हणून एचटीएमएल किंवा झिप फाइल आली की त्यात बहुतेक वेळा नकली लॉगिन पेज नाहीतर व्हायरस असतो.

बाबा रिटायर आहेत, राजारामपुरीत असतो आम्ही. ‘तुमची ४८,००० च्या मोबाइलची ऑर्डर कन्फर्म झाली, रद्द करायला या नंबरवर फोन करा’ असा मेल आला. त्यांनी फोन केला, समोरच्यानं एक ॲप टाकायला लावलं आणि ३६,५०० गेले. चार दिवस कुणाला बोलले नाहीत, जेवत पण नव्हते. काल आईला कळलं. आता काही उपयोग आहे का?

आहे, आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव, बाकीचं नंतर वाच. पैसे एका खात्यातनं दुसऱ्यात पळत असतात, जिथं असतील तिथं गोठवायचा प्रयत्न होतो, त्यामुळं चार दिवस गेले हे वाईटच झालं, पण पाचवा घालवायचा नाही. बँकेत लेखी तक्रार दे आणि पोच घे. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला असा नियम घातला की ग्राहकाची काही चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही, पण पिन-ओटीपी आपल्या हातनं गेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. तुमच्या बाबतीत बँक पिन-ओटीपी तुमच्याच हातनं गेला म्हणेल असं मला वाटतं, खोटी आशा लावत नाही, पण कळवल्याची वेळ नोंदलेली असणं म्हणूनच महत्त्वाचं. ते ॲप असलेला फोन इंटरनेटपासून तोड, ॲपचा स्क्रीनशॉट काढून ते काढून टाक, आणि नेटबँकिंगचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरनं बदल. ‘फी भरा, पैसे परत मिळवून देतो’ असा फोन आता येईल, ती दुसरी टोळी असते, काहीच द्यायचं नाही.

बाबांशी बोल. त्यांनी मोबाइलचा लोभ धरला नव्हता, न घेतलेल्या वस्तूचे पैसे जाऊ नयेत म्हणून फोन केला होता, ही घर सांभाळणाऱ्या माणसाचीच काळजी आहे आणि हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. सायबर पोलीस ठाण्यात जाताना त्यांना बरोबर ने, काय काय बोलणं झालं ते त्यांनाच आठवणार. १९३० वर मिळालेला तक्रार नंबर, बँकेचं स्टेटमेंट आणि तो मूळ मेल सोबत ठेव, मेल डिलीट करू नकोस.