मुंबईत घरी एस्प्रेसो करतो; पाहुण्यांना त्यासोबत गोड काय द्यावं?

इराणी बेकरीतला मावा केक द्या, तो नसेल तर नानखटाई. पाकातली मिठाई टाळा. एस्प्रेसोचा शॉट जेमतेम 25-30 मिलिलिटर, पण दाट आणि कडू. मावा, तूप, लोणी यांच्या स्निग्धपणाने तो कडवटपणा मऊ होतो. गुलाबजाम खाऊन घोट घेतला की तीच कॉफी आंबट, रोडावलेली लागते. इटलीत व्हॅनिला आइस्क्रीमवर गरम एस्प्रेसो ओतून अफोगातो करतात, तिथेही दुधाची साय हेच काम करते. मावा केकमधल्या वेलचीने कॉफीला जो सुगंध चढतो, तो मला चॉकलेट केकपेक्षा कितीतरी आवडतो. फक्त कॉफीच्या बिया हलक्या भाजलेल्या असतील तर एस्प्रेसो मुळातच आंबटसर उतरतो; तेव्हा मावा जड वाटतो, संत्र्याचा साधा केक जास्त जुळतो.