वाहन, वैद्यकीय की कारखाना? आधी सेन्सरची वायर काढून बघ

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची माहितीपुस्तिका वाचली. गाड्यांसाठी रडार, छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी, यंत्राचा बिघाड आधीच सांगणारे सेन्सर, हे सगळं एकच कंपनी करते. मला अशाच ठिकाणी काम करायचं आहे. त्यासाठी एक क्षेत्र आत्ताच निवडावं लागेल का? वर्गातले मित्र म्हणतात, हार्डवेअर सोड आणि एआय शिक.

उत्तर : क्षेत्र आत्ता निवडू नकोस. त्या पुस्तिकेतली तिन्ही उपकरणं उघडलीस तर आत एकच साखळी दिसेल. सेन्सर, त्याचा क्षीण सिग्नल मोठा आणि स्वच्छ करणारं सर्किट, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग), मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप) आणि शेवटी एखादा निर्णय किंवा संदेश. उद्योगागणिक बदलतं ते काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर कोणाला भोगावं लागतं. कामावर घेताना पारख याचीच होते आणि वर्गात नेमकं हेच कमी शिकवलं जातं.

म्हणून सुट्टीत दहा छोटे प्रोजेक्ट करण्यापेक्षा एकच बोर्ड तडीस ने. तापमान मोजून हीटर चालू-बंद करणारा. सेन्सर म्हणून 25 अंशांना 10 किलोओहम असणारा एनटीसी थर्मिस्टर (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) घे. 3.3 व्होल्टपासून 10 किलोओहमचा रेझिस्टर, त्याखाली थर्मिस्टर, तिथून ग्राउंड. मधल्या जोडावरून एडीसीला वायर आणि एडीसीच्या पिनजवळ 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर. एडीसी 12 बिटचा (0 ते 4095 आकडे देणारा) असेल तर 25 अंशांना आकडा 2048 च्या आसपास येईल आणि त्या भागात एका अंशाला साधारण 45 आकडे बदलतील. एडीसीचा संदर्भही तोच 3.3 व्होल्ट ठेव, म्हणजे सप्लाय थोडा हलला तरी वाचन हलणार नाही. हीटर म्हणून 47 ओहम, 10 वॅटचा रेझिस्टर 12 व्होल्टवर चालव. तो जेमतेम 3 वॅट घेतो, पण हात भाजायला तेवढं पुरतं, तेव्हा जपून. त्याला लॉजिक-लेव्हल मॉसफेट (मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लाव आणि त्याच्या गेटपासून, म्हणजे नियंत्रणाच्या पिनपासून, ग्राउंडला 10 किलोओहम जोड. हा रेझिस्टर बरेच जण गाळतात. मग मायक्रोकंट्रोलर रीसेटमध्ये असताना पिन अधांतरी राहते आणि हीटर आपोआप चालू होऊ शकतो.

बोर्ड चालू लागला की खरा अभ्यास सुरू होतो. हीटर चालू असताना थर्मिस्टरची एक वायर काढ. आकडा सरळ 4095 ला जाईल. एनटीसी थंडीत रेझिस्टन्स वाढवतो, त्यामुळे प्रोग्रॅमला वाटेल की कडाक्याची थंडी आहे आणि तो हीटर पूर्ण जोरात लावेल. तुटलेल्या वायरीमुळे आग लागते ती अशी. उपाय दोन ओळींचा आहे : आकडा 4000 च्या वर (उणे 40 अंशांच्या आसपास) किंवा 100 च्या खाली (140 अंशांच्या आसपास) गेला की हीटर बंद आणि बिघाडाचा दिवा चालू.

आता वायर जोडून थर्मिस्टर हीटरपासून नुसता बाजूला ठेव. आकडा खोलीचं तापमान दाखवेल, अगदी मर्यादेत. वरची तपासणी याला पकडणार नाही. त्यासाठी वेगळा नियम लागतो : हीटर 5 मिनिटं चालूनही तापमान 2 अंश वाढलं नाही तर बंद कर. तिसरी कसोटी, प्रोग्रॅम मुद्दाम अनंत लूपमध्ये अडकव आणि वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकल्याचं ओळखणारा टायमर) रीसेट करतो का ते पाहा. फंक्शनल सेफ्टीचा (बिघाड झाला तरी यंत्र धोकादायक होऊ नये याच्या शास्त्राचा) गाभा या तीन प्रयोगांत आहे. हे केल्यावर सर्वसाधारण उद्योगांसाठीचं आयईसी 61508 आणि वाहनांसाठीचं आयएसओ 26262 ही मानकं वाचायला घेतलीस तर ती कोरडी वाटणार नाहीत.

आता तोच बोर्ड तिन्ही उद्योगांच्या नजरेनं बघ. गाडीत स्टार्टर फिरताना बॅटरी 6 व्होल्टपर्यंत खाली येऊ शकते. लॅबच्या सप्लायवर 12 वरून हळूहळू 6 ला ये आणि मायक्रोकंट्रोलर नीट तग धरतो, स्वच्छ रीसेट होतो की अर्धवट भरकटतो, ते नोंदव. याच्या उलट, अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची जोडणी सुटली तर संरक्षण नसलेल्या लाइनवर 100 व्होल्टच्या घरात झटका येतो. हा प्रयोग घरी करू नकोस, पण असा झटका शोषून घेणारा टीव्हीएस डायोड तिथे का असतो ते समजून घे. गाडीतली कॅन बस, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरना आपसात बोलता यावं म्हणून जोडणारी दोन वायरींची वाहिनी, बॉशनं 1986 मध्ये मांडली. दोन्ही टोकांना 120 ओहम असतात, म्हणून वीज बंद करून दोन वायरींमध्ये मल्टीमीटर लावला की 60 दिसले पाहिजेत. 120 दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर (टर्मिनेशन) गायब आहे.

कारखान्यात लांब वायरीवर व्होल्टेज पाठवलं तर ते वाटेत घटतं, म्हणून 4 ते 20 मिलिअँपिअर करंट पाठवतात. 250 ओहमवर त्याचे 1 ते 5 व्होल्ट होतात. शून्याऐवजी 4 पासून सुरुवात का, हे वायर काढण्याचा प्रयोग केलेल्याला लगेच कळेल. शून्य आलं की वायर तुटली. नव्या नवलाईच्या यंत्रांतही 1979 चा मॉडबस (यंत्रांनी आपसात डेटा पाठवायची पद्धत) भेटतो, त्याला जुना म्हणून टाळू नकोस.

वैद्यकीय क्षेत्रात ईसीजीचा सिग्नल जेमतेम 1 मिलिव्होल्ट असतो आणि त्यावर वीजपुरवठ्याची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण स्वार होते. हृदयाशी थेट जोडणाऱ्या भागांसाठी आयईसी 60601 मध्ये नेहमीच्या स्थितीतली गळती 10 मायक्रोअँपिअरपर्यंतच चालते. शिकताना अंगाला इलेक्ट्रोड लावायचेच असतील तर सर्किट फक्त बॅटरीवर चालव आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेव. या क्षेत्रात कागदपत्रांचं काम भरपूर असतं. ते मनापासून आवडणार नसेल तर इकडे येऊ नकोस.

एआयबद्दल मित्रांचं अर्धं बरोबर आहे. शिक जरूर. पण बेअरिंगचं 900 हर्ट्झचं कंपन कोणी सेकंदाला 1000 नमुने घेऊन मोजलं आणि आधी फिल्टर लावला नाही, तर ते 100 हर्ट्झचं म्हणून नोंदलं जातं. त्या डेटावर कितीही भारी मॉडेल चालवलं तरी हरवलेली माहिती परत येत नाही. हे पकडणारा माणूस संघात लागतो आणि तो हार्डवेअर जाणणारा असतो.

प्रत्येक बिघाडाचं एक पान लिही : काय काढलं, आकडा काय आला, ऑसिलोस्कोपवरचा फोटो, उपाय आणि उपायानंतरचा आकडा. अर्ज करताना तीच फाइल तिन्ही विभागांना चालेल. फक्त वाहन विभागाला पाठवताना 6 व्होल्टचं पान सर्वांत वर ठेव, आणि औद्योगिक विभागाला पाठवताना तुटलेल्या वायरीचं.